आयसीडी बसवून घेताना: ऑपरेशन, कागदपत्रं आणि यंत्रावरचा हक्क

१५ मे २०२५ रोजी पुण्यातल्या एका रुग्णालयात माझ्या डाव्या कॉलरबोनखाली आयसीडी बसवलं. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर आतूनच विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणणारं हे यंत्र. निदान झालं तेव्हा मी मराठीत खूप शोधलं. पेसमेकरवर थोडंफार सापडलं, आयसीडीवर जे होतं ते ऑपरेशनपुरतं. यंत्र आत गेल्यावर त्यातली माहिती कोण वाचतं, सेटिंग कोण बदलू शकतं, आणि एक दिवस ते बंद करायची वेळ आली तर ते कोणी ठरवायचं, हे मला विचारत विचारत शोधावं लागलं. माझ्यासारखं कुणी आज रिपोर्ट हातात घेऊन बसलं असेल, त्यांच्यासाठी क्रमाने सगळं लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. खाजगी विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. माझा दादा २०१६ मध्ये गेला, ३८ व्या वर्षी, क्रिकेट खेळून घरी परतताना. शवविच्छेदन झालं नाही, 'हार्ट अटॅक' एवढंच कागदावर आलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच मानलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळेचा जिना चढताना मला अंधारी आली आणि मी कठडा धरून खाली बसले. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. त्यांचा चेहरा बदलला तो मला अजून आठवतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भावाबद्दल.

टूडी इकोत हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत २.४ सेंटीमीटर जाड निघाली. एरवी ती एक सेंटीमीटरच्या आसपास असते. आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण ५०० माणसांत एकाला हा असतो, बहुतेकदा घराण्यातून येतो, आणि अनेकांना आयुष्यभर त्रासही होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र पहिलं लक्षण हेच शेवटचं ठरतं. दादाचं काय झालं असावं हे मला त्या दिवशी, नऊ वर्षांनी कळलं. वहिनीला फोन करून सांगायला मला बराच वेळ लागला, पण सांगणं भाग होतं, कारण तिच्या मुलाचीही तपासणी व्हायला हवी होती. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी ईसीजी आणि इको करून घ्यावा असं डॉक्टर सांगतात. दादाच्या मुलाचा इको नॉर्मल आला.

मार्चमध्ये पुण्याला हृदयाच्या विद्युतप्रवाहाचे तज्ज्ञ, म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, यांच्याकडे गेलो. अपॉइंटमेंटसाठी तीन आठवडे थांबावं लागलं. होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून ठोके सतत नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावलं, अडीच हजार रुपये. त्यात लय अधूनमधून काही ठोक्यांपुरती बिघडताना दिसली. कार्डियाक एमआरआयला चौदा हजार लागले. एमआरआय सुचवला असेल तर तो यंत्र बसवायच्या आधीच करून घ्या. नंतर होत नाही असं नाही, पण यंत्रामुळे छातीची चित्रं खराब येतात आणि परवानग्यांचा व्याप वाढतो. पुढच्या पाच वर्षांत अचानक मृत्यूचा धोका किती, हे काढायचं एक युरोपियन गणित आहे. त्यात वय, भिंतीची जाडी, घरातला अकाली मृत्यू, चक्कर, होल्टर असं सगळं भरतात. सहा टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर आयसीडीचा विचार करावा असं ते सांगतं. माझं सहाच्या वर आलं. मी गणिताची शिक्षिका. वर्गात शक्यता शिकवते. आपल्याच मरणाची टक्केवारी समोर आली की तो आकडा निराळा वाटतो.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं. हे यंत्र पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं १९८० मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. त्यामागे होते मिशेल मिरोव्स्की. त्यांचे ज्येष्ठ सहकारी अशाच लयीच्या बिघाडाने गेले आणि तेव्हापासून त्यांनी या कल्पनेचा ध्यास घेतला. जवळचं माणूस गेल्यावर कुणीतरी असा इतकी वर्षं झटत राहिला, हे ऐकून मला बळ आलं. यंत्र बसवायचं हा निर्णय मी तिथेच घेतला.

मग दोन मॉडेलं समोर आली. एक रुग्णाच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपशी ब्लूटूथने बोलणारं. दुसरं खाटेशेजारी ठेवायच्या मॉनिटरशी बोलणारं. हा मॉनिटर रात्री आपण झोपलेलो असताना यंत्रातली माहिती घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिथून ती क्लिनिकला दिसते. मी विचारलं, "हे सगळं आणखी कोण पाहतं?" डॉक्टर थोडे थांबले आणि म्हणाले, "ताई, हा प्रश्न पेशंट सहसा विचारत नाहीत. तुम्ही लिहून द्या, मी उत्तरं मिळवून देतो." त्यांचे मी खरोखर आभार मानते. त्यांनी उडवून लावलं असतं तर बहुधा मीही गप्प बसले असते.

घरी येऊन मी वाचायला लागले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एका आयसीडीशी बिनतारी संपर्क साधून दाखवला. रुग्णाची माहिती वाचता आली, सेटिंग बदलता आली, झटकासुद्धा द्यायला लावता आला, अर्थात अगदी जवळून. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्राची बिनतारी सोय २००७ मध्ये डॉक्टरांनी मुद्दाम बंद ठेवली होती, हे चेनी यांनी २०१३ मध्ये मुलाखतीत सांगितलं. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने, अ‍ॅबट कंपनीच्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरसाठी सुरक्षेचं सॉफ्टवेअर अपडेट मंजूर केलं. ते क्लिनिकमध्ये जाऊन घ्यायचं होतं, साधारण तीन मिनिटांचं काम. मार्च २०१९ मध्ये मेडट्रॉनिकच्या अनेक आयसीडींच्या रेडिओ संदेशवहनात एन्क्रिप्शन (संदेश सांकेतिक करून पाठवणं) आणि ओळख पडताळणीच नाही, अशी सूचना निघाली. या दोन्ही वेळी कोणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद नव्हती, आणि यंत्र काढून टाकण्यापेक्षा ते असण्यातच रुग्णाचं हित आहे असं स्पष्ट म्हटलं होतं.

त्या दोन रात्री मी नीट झोपले नाही. पण सगळं वाचून झाल्यावर माझं मत असं झालं की अँटेना घेऊन माझ्या मागे कुणी फिरणार नाही. सामान्य माणसाला भीती आहे ती सर्व्हरची आणि न वाचता सही केलेल्या कागदाची. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथलं काम कित्येक दिवस हाताने लिहून चालवावं लागलं. तिथल्या रुग्णांनी काय केलं होतं? केसपेपर काढला होता, एवढंच.

फुलस्केप कागदावर मी प्रश्न लिहिले. मॉनिटर माहिती नुसती वाचतो की दुरून सेटिंगही बदलू शकतो? संदेश एन्क्रिप्टेड असतात का? सर्व्हर कुठल्या देशात? माझं नाव जातं की फक्त क्रमांक? सॉफ्टवेअर अपडेट आलं तर मला कोण कळवणार? मॉनिटर चोरीला गेला तर? रात्री सूचना आली तर ती बघायला क्लिनिकमध्ये कोणी असतं का? माझे रिपोर्ट मला मिळणार का? शेवटचा प्रश्न दुसऱ्या पानावर होता: पुढे कधी मला झटके नको झाले तर ते बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

कंपनीच्या प्रतिनिधीने तांत्रिक प्रश्नांची उत्तरं ईमेलने दिली. या मॉडेलमध्ये मॉनिटर फक्त वाचतो. सेटिंग बदलायला रुग्णाला क्लिनिकमध्ये बसवून प्रोग्रॅमर नावाचं उपकरण लागतं. संदेश एन्क्रिप्टेड. सर्व्हर परदेशात. मॉनिटरमध्ये माहिती साठून राहत नाही. सूचना क्लिनिक कामाच्या वेळेतच बघतं, म्हणजे हा मॉनिटर अँब्युलन्सची जागा घेत नाही. हे शेवटचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण घरात मॉनिटर आला की घरचे निर्धास्त होतात. त्रास झाला तर १०८ लाच फोन करायचा.

मी मॉनिटरवालं मॉडेल निवडलं. माझा मोबाइल घरात सगळ्यांच्या हातात असतो, दोन-तीन वर्षांनी बदलतो, त्यात शाळेचे दहा ग्रुप आहेत. हृदयाचा कारभार त्यात नको वाटला. वर्षभर फिरतीवर असणाऱ्याला अ‍ॅप सोयीचं पडेल. ज्याने त्याने आपलं राहणीमान बघून ठरवावं.

संमतीपत्रांचं प्रकरण लांबलं. ऑपरेशनचं संमतीपत्र वेगळं, दुरून देखरेखीचं वेगळं, दोन्ही इंग्रजीत. मी मराठीत समजावून मागितलं. एका कनिष्ठ डॉक्टर मुलीने अर्धा तास बसून ओळ न् ओळ सांगितली. देखरेखीच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र होत्या: उपचारासाठी माहिती वापरणं, आणि ओळख काढून टाकून ती 'उत्पादन सुधारणा व संशोधन' यासाठी वापरणं. दुसऱ्यासमोर 'नाही' करायचा चौकोन होता, पण तो मागच्या पानावर. तो मी भरला. तुम्ही 'हो' भरा किंवा 'नाही', पण तो चौकोन शोधा. संशोधनाला माझा विरोध नाही; २००८ चा तो प्रयोग झाला नसता तर आजची यंत्रं इतकी सुरक्षित झाली नसती. फक्त मला विचारलं जावं.

त्यानंतर मी एक अर्ज दिला: प्रत्येक तपासणीच्या रिपोर्टची प्रत मला मिळावी, आणि झटक्यांची सेटिंग बदलण्याआधी, मी शुद्धीवर असेन तर, मला सांगून माझी संमती घ्यावी. आधार दोन दिले. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात. आणि समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी म्हटलं आहे की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. अर्ज कायदेशीर विभागाकडे गेला. आठवडाभर काही नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". शेवटी डॉक्टरांनी स्वतः लक्ष घातलं आणि अर्जावर 'मान्य, फाइलला लावावा' असा शेरा, सही आणि तारीख आली. त्याची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.

विम्याचं थोडक्यात सांगते. कॅशलेससाठी टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने, दोनदा शंका काढल्या: आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे का, आणि यंत्राची गरज कशावरून. होल्टर, एमआरआय आणि डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर मंजुरी आली. एकूण बिल चार लाख साठ हजारांच्या घरात, त्यातले जवळपास सत्तर हजार आम्ही भरले. यंत्राच्या खोक्यावरचे सीरियल नंबरचे स्टिकर आणि यंत्राचं स्वतंत्र बिल मागून घ्या. विम्याला लागतं, शिवाय पुढे कधी त्या मॉडेलबद्दल सूचना निघाली तर आपलं यंत्र त्यात येतं का ते याच नंबरावरून कळतं. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत आणि आयसीडी त्यात सर्वाधिक जोखमीच्या 'ड' वर्गात मोडतं.

ऑपरेशन शाळेच्या सुट्टीत घेतलं. भूल जागेपुरती, त्यामुळे मी जागी होते, गुंगीत. कॅथलॅबमध्ये डॉक्टर, नर्स, आणि प्रोग्रॅमरसमोर कंपनीचा तरुण तंत्रज्ञ. आपल्याकडे हे सर्रास असतं आणि त्यात गैर काही नाही. यंत्राची खडानखडा माहिती त्यांनाच असते. पण आपल्या हृदयाच्या सेटिंगला हात लावणारा माणूस रुग्णालयाचा नाही, हे पेशंटला आधी माहीत असावं. मी आदल्या दिवशी त्याची ओळख करून द्यायला सांगितलं होतं. तो येऊन बोलला, "मॅडम, उद्या मीच असेन, आकडे मी मोठ्याने वाचेन, घाबरू नका." दुसऱ्या दिवशी तो आवाज ओळखीचा होता याचा मला फार आधार वाटला. शिरेतून वायर हृदयाच्या उजव्या कप्प्यात गेली, मोजमापं झाली, त्वचेखाली खिसा करून यंत्र ठेवलं, टाके घातले. सव्वा तास. तिसऱ्या दिवशी घरी.

पहिले सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वेणी लेक घालून द्यायची. ब्लाउजची शिवण नेमकी जखमेवर येते, म्हणून पुढून उघडणारे सैल कुर्ते आधीच शिवून ठेवा. हात अगदीच न हलवता ठेवला तर खांदा आखडतो, तेव्हा खालच्या खाली हलवत राहा. मोबाइल डाव्या खिशात नको, यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर दूर. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. लोहचुंबकाचं विशेष जपा: तो यंत्राजवळ राहिला तर तेवढा वेळ झटके देण्याचं काम थांबतं. आमच्या शाळेचे नावाचे बिल्ले मागून चुंबकाने चिकटतात आणि नेमके डाव्या छातीवर लावतात. मुख्याध्यापिकांनी मला पिनेचा करून दिला. मेट्रो स्टेशनवर, देवळात, मॉलमध्ये धातुशोधक चौकटीतून न थांबता सरळ चालत जायचं. हातातला धातुशोधक फिरवणार असतील तर आयसीडी असल्याचं कार्ड दाखवून हाताने तपासायला सांगायचं. कार्ड पाकिटात कायम.

मॉनिटर घरी आला त्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "अगं, हे रात्री आपलं बोलणं ऐकतं का?" आमच्या ह्यांना हसू आलं. मला तो प्रश्न रास्त वाटला. आपल्या झोपायच्या खोलीत कुणीतरी परकं ठेवल्यावर घरातल्या मोठ्या माणसाने हे विचारायलाच हवं. मी क्लिनिकला ईमेल केलं, उत्तर आलं: यात माइक नाही. ते उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं. खोलीत नेटवर्क कमी येतं, म्हणून मॉनिटर खिडकीशी ठेवला आणि खाट तिकडे सरकवली.

जूनच्या अखेरीस माउलींची पालखी लोणंदला आली. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी लोणंद ते तरडगाव चालले, वाटेत चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पाहिलं. दादा असताना आम्ही दोघं जायचो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी शाळेत असताना क्लिनिकच्या नर्सचा फोन. "मॅडम, काल संध्याकाळी तुमची लय काही सेकंद बिघडली होती. काही जाणवलं का?" मला काहीच जाणवलं नव्हतं. गोळीचा डोस वाढवला. स्टाफरूममध्ये मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझ्या शरीरात काल काय झालं ते मला माहीत नव्हतं आणि शंभरेक किलोमीटरवरच्या एका बाईला माहीत होतं. हे लक्षात आल्यावर आधार वाटला आणि अंगावर काटाही आला. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच सांगणाऱ्याचं मी ऐकणार नाही.

सप्टेंबरच्या फॉलोअपला मी रिपोर्ट मागितला, शेऱ्यामुळे लगेच मिळाला. लयीच्या नोंदींखाली एक आलेख होता: रोज किती तास हालचाल केली त्याचा. यंत्रात हालचाल टिपणारा सेन्सर असतो, त्याची ही नोंद. जूनच्या अखेरीस आलेख उंच, ती वारी. सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदम खाली, तेव्हा मला डेंग्यू झाला होता. माझे दिवस तिथे ओळखू येत होते. डॉक्टरांना याचा उपयोग होतो, चालणं कमी झालं तर हृदय थकतंय का हे कळतं. पण हे टिपलं जातं, असं कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. ही माहिती विमा कंपनीने मागितली तर? मी लेखी विचारलं. माझ्या वेगळ्या संमतीशिवाय देणार नाही, असं लेखी आलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर आपल्या हातात पत्र आणि त्यावरचं उत्तर असणं चांगलं. अमेरिकेत ह्यूगो कँपोस नावाचे एक गृहस्थ स्वतःच्याच आयसीडीतली माहिती स्वतःला मिळावी म्हणून कित्येक वर्षं मागणी करत आले आहेत. मला ती कागदावर मिळते, हे त्या मानाने खूप आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळीची भाजणी भाजायला घेतली होती. डोळ्यांपुढे काळोखी आली, मी ओट्याला धरलं, आणि छातीत आतून कुणीतरी लाथ मारावी तसा झटका बसला. मी ओरडले असं लेक सांगते. मग सगळं स्वच्छ दिसायला लागलं. गॅस तिनेच बंद केला. आम्हाला सांगून ठेवलेला नियम असा: एक झटका आणि नंतर बरं वाटतंय, तर क्लिनिकला कळवा, लागोपाठ दोन, किंवा छातीत दुखणं, दम, चक्कर, तर थेट रुग्णालय. मी मॉनिटरवरचं बटण दाबून नोंद पाठवली, दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. ठोके मिनिटाला सव्वादोनशेच्या वर गेले होते. यंत्र नसतं तर पुढे काय झालं असतं ते आमच्या घराने २०१६ मध्ये पाहिलं आहे.

झटक्यानंतर भीती राहते. ओट्यापाशी एकटी उभी राहायला मला बरेच दिवस नको वाटायचं. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंकडे जायला लागले, फार उपयोग झाला. स्कूटर काही महिने बंद. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं की मी पडले तर हात लावायला घाबरू नका, झटका बसताना मला धरलं असेल तरी त्यांना धोका नाही.

त्यानंतरच मी दुसऱ्या पानावरच्या प्रश्नाकडे वळले. पुढे कधी दुसऱ्या एखाद्या आजाराने माझा शेवट जवळ आला, तर हृदय थांबू पाहील आणि यंत्र झटके देत राहील. मरणाऱ्या माणसाला आणि उशाशी बसलेल्यांना हे किती यातनादायक असेल, ते एक झटका खाल्ल्यावर मला कळलं. रुग्णाच्या इच्छेनुसार झटके बंद करणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे आणि ती इच्छामृत्यूची कृती ठरत नाही, असं अमेरिकेतल्या हृदयलय तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्येच म्हटलं आहे. झटके बंद केल्याने हृदय बंद पडत नाही. ते फक्त आपल्या गतीने जातं.

घरी हे काढलं तेव्हा ह्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. आठ-दहा दिवस विषय नाही. मग एका रात्री स्वतःच म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मलाही हेच हवं झालं असतं. पण ते बंद करा असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही." म्हणूनच लिहून ठेवायचं, मी म्हटलं, तुमच्यावर ते ओझं येऊ नये म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. पाचशेच्या स्टॅम्पवर केलं, नोटरीचे हजार गेले. त्यात आयसीडीचा वेगळा परिच्छेद आहे: कोणत्या अवस्थेत झटके बंद करावेत, पेसिंग (ठोके मंदावले तर यंत्राने ते चालू ठेवणं) चालू ठेवावं की नाही, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. ह्यांच्या आधी मी नणंदेचं नाव लिहिलं. ती परिचारिका आहे आणि तिने आनंदाने होकार दिला. मसुदा डॉक्टरांना आधी दाखवला; त्यांनी दोन शब्द बदलून अधिक स्पष्ट केले आणि प्रत केसपेपरला लावली. निर्णयाप्रमाणे एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्यायची असते. पालिकेतल्या लिपिकांना हे नवीन होतं. मी निकालाच्या त्या पानाची प्रत सोबत नेली होती, ती त्यांनी वाचली, साहेबांकडे नेली आणि चौथ्या खेपेला डिसेंबरमध्ये आवक क्रमांक मिळाला. पान सोबत न्याच.

नणंदेला आणखी एक सांगून ठेवलं आहे. अग्नी देण्याआधी यंत्र काढावं लागतं, बॅटरीचा स्फोट होतो. आधी त्यातली माझी माहिती पुसायची, मग शक्य असेल तर यंत्र दान. मुंबईत अशी जुनी आयसीडी निर्जंतुक करून, ज्यांना नवं परवडत नाही त्यांना बसवली गेली आणि त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाला चार वर्षं मिळाली तरी मला चालेल.

आता लेकीचं. ती सोळा वर्षांची आहे. तिचा इको सध्या नॉर्मल, पण या वयात दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करायचा असतो, कारण भिंत वाढत्या वयात जाड होऊ शकते. माझ्या जनुकीय तपासणीत दोष सापडला. तिच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या एका नमुन्यावर कळेल. आम्ही ते अजून केलेलं नाही. एकदा कळलं की न कळलेलं होत नाही, आणि तो कागद पुढे विम्यात, नोकरीत, लग्नात कुठे कुठे जाईल ते आज सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, इको नियमित होत असेल तर थांबायला हरकत नाही. मी लेकीला सगळे रिपोर्ट दाखवले, माझा हालचालींचा आलेखसुद्धा. तिने विचारलं, "मी अठरा वर्षांची झाले की मी ठरवू?" मी हो म्हटलं. तोवर दर मे महिन्यात, सुट्टी लागली की इको. या वर्षीची तारीख घेऊन ठेवली आहे.